उसनं आजारपण

मोरेश्वरभाऊ लांजेवारांकडे मी अकरा वर्षं नोकरी केली आणि त्या अकरा वर्षांत त्यांना चारचौघांत शिंकताना एकदाही पाहिलं नाही. शिंक यायची हो, माणूसच होते. पण ऑफिसात कोणी गिऱ्हाईक बसलेलं असलं की ते "आलोच" म्हणून उठायचे, शेडमध्ये मोठ्या लेथच्या मागे जाऊन शिंकायचे आणि तोंड पुसून परत यायचे. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकूही जायचं नाही. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. म्हटलं, काय तऱ्हेवाईक माणूस आहे हा! पुढे पुढे हसू यायचं बंद झालं.

रायपूरजवळ उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांचं वर्कशॉप होतं. लोखंडाच्या सळया बनवणाऱ्या मिलमध्ये दोन जाडजूड रोल असतात, त्यांच्या मधून लालभडक लोखंड दाबून काढतात. ते रोल झिजले की त्यांना लेथवर चढवून पुन्हा कातावं लागतं. हे कातायचं काम आमच्याकडे. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तिथं लागले. जिकडे तिकडे इमारती, पूल, सरकारी वसाहती. मिला दिवसरात्र चालायच्या आणि ट्रकांच्या धुळीनं दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. माझे बाबा रेल्वेत होते, गोंदियाकडचे. भाऊ भंडाऱ्याकडचे. त्या ओळखीवर त्यांनी मला टायपिंगला आणि फोनवर बसवलं. मी म्हटलं, मला हिंदी टायपिंग बेताचंच येतं. तर म्हणाले, "हिंदी शिकशील. मले मराठी बोलणारी पोरगी पाह्यजे." काहून पाहिजे, ते तेव्हा कळलं नाही. सहा महिन्यांनी कळलं. गुपितं मराठीत बोलायची होती.

भाऊ बुटके, रुंद, कायम सफारीत. गालाला जरा जास्तच पावडर, चेहरा उतरलेला दिसू नये म्हणून. गिऱ्हाइकासमोर ते कधी चालले नाहीत, धावलेच. वरच्या क्रेनची शिडी पन्नाशीतला माणूस तरातरा चढून जायचा आणि वरून ओरडायचा, "आइये, ऊपर से देखिए!" तो बिचारा खालीच मान वर करून उभा. कोणी म्हणालं, लांजेवारजी, आज थके हुए दिख रहे हैं, की त्या माणसाला सगळी शेड दोनदा फिरवून आणायचे. आणि माझ्याकडे येऊन दम खात म्हणायचे, "मालकाले ताप येत नसते, मंदा."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की एकदा चिडून म्हटलं, "मालकाला हाडं असतात की नाही भाऊ?" त्यावर ते नुसते हसले.

एक मात्र कबूल करते, काम त्यांच्यासारखं कोणी केलं नाही. कातलेल्या रोलवर ते डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवायचे. केसाएवढी चीर राहिली असली तरी नखाला लागायची. "इथं हाय बे, अजून घे," म्हणायचे, आणि आमचा लेथवरचा जुना खरादी महेतरू मान डोलावून पुन्हा मशीन सुरू करायचा. चीर राहिलेला रोल मिलमध्ये फुटतो. फुटला तर लाल सळई सुटून कोणाच्याही अंगावर जाते. म्हणून मिलवाले म्हणायचे, लांजेवारचं नख फिरलं ना, मग घाला रोल.

त्यांची ही भीती कुठून आली तेही सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना निव्वळ भैताड म्हणाल. आमच्या शेजारच्या गल्लीत एका गृहस्थांची फाउंड्री होती. चांगली चालायची. त्यांना हार्टचा झटका आला, तीन आठवडे दवाखान्यात काढून परत आले, तर फाउंड्रीत गिऱ्हाइकांचे साचे नव्हते. एकेकानं येऊन आपापले साचे उचलून नेले होते. भांडण नाही, वाद नाही. नेणारा प्रत्येक जण सफरचंदं देऊन गेला होता आणि "आराम कीजिए" म्हणाला होता. सहा महिन्यांत भट्टी विझली. भाऊ त्यांना भेटायला गेले होते. तिथून आले ते शेडमध्ये एका रोलवर बसून राहिले. आमच्याकडचे रोल मिलवाल्यांचेच होते की. सगळं वर्कशॉप दुसऱ्याच्या मालानं भरलेलं, ज्या दिवशी मनात येईल त्या दिवशी ट्रक आणून घेऊन जावा.

आणि भाऊंना साखर होती. जबर साखर. दोन वेळा सुई टोचायला लागायची.

ऑफिसात एक लहानसा फ्रिज होता, त्यात इन्सुलिनच्या बाटल्या. एक दिवस एका मिलचा माणूस स्वतःच्या हातानं पाण्याची बाटली काढायला गेला आणि त्यानं विचारलं, "अरे, ये किसका है?" भाऊंनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "मिसेस का. बहुत परेशान रहती है बेचारी."

झालं. एवढंच. तोंडातून निघून गेलं ते वाक्य. तो माणूस हळहळला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आठवडाभरात सगळ्या उरल्याला माहीत झालं की लांजेवारची बायको आजारी असते.

आता ही बायको कोण, तर नलिनीवहिनी. तुमसरच्या. कॉलेजात कबड्डी खेळलेल्या. भरलेला गॅस सिलिंडर रायपुरातल्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात, त्यांच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या चढवायच्या. खणखणीत आवाज, चहात तीन चमचे साखर, आणि हसल्या की खिडकीवरचं कबुतर उडून जाईल. त्या संध्याकाळी भाऊंनी घरी जाऊन ओशाळत सांगितलं की मी असं असं बोलून बसलो. वहिनी पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "बरं. मग मले काय काय होते, ते सांगून ठेवा. कोणी विचारलं तर गडबड नको व्हायले."

हे वहिनींनीच मला दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं. मीही हसले. मला ती मोठी हुशारीची गोष्ट वाटली. काय अक्कल होती माझी!

तेव्हापासून सुरू झालं. तीन महिन्यांनी भाऊ नागपूरच्या डॉक्टरांकडे जायचे. मी फोनवर सांगायचे, "साहब मॅडम को दिखाने नागपूर गये हैं." भाऊंचा पाय सुजला, घरी बसले, तर मॅडमची तब्येत बिघडलेली. लग्नाला जाऊन लवकर निघायचं, तर मॅडमला बरं नाही. वहिनी रोज एक वाजता डबा घेऊन उरल्याला यायच्या, केबिनचं दार लावून त्यांना सुई द्यायच्या, आणि बाहेर येताना स्वतःचा दंड कापसानं चोळत यायच्या. लोकांना काय दिसायचं? बाईनं सुई घेतली. भाऊंना स्वतः टोचायला जमायचं नाही, हात थरथरायचा. आणि एरवी लोखंडावर नख फिरवणारा माणूस!

लोकांच्या नजरेत भाऊ चढले. आजारी बायकोचं करून धंदा सांभाळतो, याला म्हणतात मर्द. एका मिलमालकाच्या घरी नातू झाला, काजूकतलीचा डबा फिरला. भाऊंनी सगळ्यांदेखत चार उचलल्या, एकामागून एक तोंडात टाकल्या, आणि वहिनींनी त्याच डब्यासमोर हात जोडले, "नहीं नहीं, मुझे मना है." मी बघत होते. वहिनींचे डोळे काजूकतलीवर होते.

तात्यापाऱ्यात तर त्यांना नऊ वर्षं बिनसाखरेचा चहा मिळाला. हळदीकुंकवाला तिळगूळ मिळाला की पर्समध्ये. शेजारच्या बायका मेथीचे दाणे, कारल्याचा रस असलं काय काय सांगायच्या, आणि वहिनी सगळं निमूट ऐकून "करून पाहीन" म्हणायच्या. मग दुपारी माझ्या टेबलाशी बसून तो सगळा तिळगूळ खायच्या. "मंदे, माह्या चहात चार चमचे टाक आज. सकाळी दोन घरी कडू चहा पेवून आली." पोरगी प्राची अमरावतीला दिलेली, तिलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. भाऊ म्हणायचे, जावई लई बोलका हाय. ती पोरगी फोनवर आईला रागवायची, "आई, तू गोड खाल्लंस ना?" आणि वहिनी रिसीव्हरवर हात ठेवून मला डोळा मारायच्या.

एक दिवस मात्र सगळं उघडं पडणार होतं. दुबेसाहेब आले होते. एका मोठ्या मिलचे मॅनेजर. आमच्या शेडमधले निम्म्याहून जास्त रोल त्यांचे. भाऊंनी सुई घेतलेली आणि दुबेसाहेबांचं बोलणं काही संपेना. डबा तसाच. वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. दोन वाजले. मी टायपिंग करता करता वर पाहिलं तर भाऊंच्या कपाळावर घाम, पावडरीचे ओघळ. "दुबेजी, गुरुवार तक," ते म्हणाले. मग पुन्हा, "गुरुवार तक... गुरुवार..." ओठ थरथरायला लागला. सुई घेऊन जेवण राहिलं, साखर उतरली होती. दुबेसाहेबांनी भुवया उंचावल्या.

तेवढ्यात "अगं माय वं!" अशी किंकाळी आली आणि वहिनी खुर्चीवरून धाडकन खाली. डबा उघडला, वरण फरशीभर. दुबेसाहेब उडालेच, "भाभीजी! अरे भाभीजी को देखो!" महेतरू धावत आला, "का होगे मालिक?" वहिनी डोळे मिटून पुटपुटल्या, "शक्कर का पानी..." मी ग्लासात पाच चमचे साखर घालून धावले. त्यांनी ग्लास ओठाला लावला आणि डोळे न उघडता मराठीत म्हणाल्या, "आधी यायले पाज, मंदा. सगळं."

मी ग्लास भाऊंच्या हातात कोंबला. "घाबरलात भाऊ तुम्ही, घोटभर घ्या." त्यांनी तो सगळा घटाघटा प्यायला. वहिनींसाठी दुसरा केला. दहा मिनिटांत भाऊ माणसात आले. दुबेसाहेबांचे डोळे पाणावले होते. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धन्य हैं आप, लांजेवारजी. घर में ये हाल, और काम में एक दिन की देरी नहीं." त्या महिन्यात त्यांनी आणखी रोल पाठवले.

वहिनींचा कोपर पंधरा दिवस काळानिळा होता. मी विचारलं, "एवढ्या जोरात कशाला पडलात?"

"पडाचं तर धडाक्यानं पडाव. नाहीतर कोण पाह्यते?" म्हणाल्या आणि खिडकीतलं कबुतर उडेल तशाच हसल्या.

त्यानंतर तीनेक वर्षं गेली असतील. दिवाळी झाली आणि वहिनी उतरायला लागल्या. आधी गळ्याची हाडं दिसली, मग बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तात्यापाऱ्यातल्या बायका म्हणाल्या, साखर खंगवतेच. मिलवाले म्हणाले, कितने साल से झेल रही हैं बेचारी. कोणालाच नवल वाटलं नाही, कारण त्या आजारीच होत्या. आणि आम्हाला, म्हणजे भाऊंना नि मला, नवल वाटलं नाही, कारण त्या ठणठणीत होत्या हे आम्हाला माहीत होतं. मला तर वाटलं, वहिनी आता फारच बेमालूम करायला लागल्यात. हे मी मनात कौतुकानं म्हटलं होतं. लिहिताना हात जड होतो, पण म्हटलं होतं.

एका दुपारी त्या केबिनमध्ये बसल्या होत्या, भाऊ जेवत होते, मी कागदांवर सही घ्यायला उभी. वहिनी म्हणाल्या, "अहो, माह्या पोटात दुखून राहिलं. पाठीपर्यंत जाते. रात्री झोप नाही लागत."

भाऊंनी घास चावता चावता दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. म्हणाले, "कोणी नाही इथं, नलू. उतर आता स्टेजवरून."

आणि मी हसले. मोठ्यांदा हसले.

वहिनीही थोडं हसल्या. डबा आवरला, गेल्या.

आठ-दहा दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. चहा दिला तर ठेवून दिला. माझं मनगट धरून म्हणाल्या, "मंदा, मले खरंच बरं वाटून नाही राहिलं वं." नुकतेच दुबेसाहेब जाऊन त्यांची गाडी गेटबाहेर वळत होती. मी म्हटलं, "वहिनी, गेले ते दुबेसाहेब."

त्यांनी माझं मनगट सोडलं. म्हणाल्या, "हव. गेले का?" आणि पर्स उचलून उठल्या. त्यांचा चहा तसाच राहिला. मी तो मोरीत ओतला आणि कप विसळून ठेवला.

तेव्हा त्यांना धरून कोण नेणार होतं दवाखान्यात? मीच ना? रायपुरात काय दवाखाने कमी होते? पण नाही. पुढच्या महिन्यात ठरल्याप्रमाणे दोघं नागपूरला गेले, भाऊंची साखर दाखवायला. डॉक्टर भाऊंची औषधं लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि वहिनींना विचारलं, "तुमचे डोळे कधीपासून असे पिवळे आहेत?" भाऊंनी वळून पाहिलं. दर तीन महिन्यांनी ही बाई त्यांच्याशेजारी, डॉक्टरांच्या पुढ्यात बसत होती, आणि तिची नाडी कोणी पाहिली नव्हती.

पोटात गाठ होती. पसरलेली. पावणेदोन महिने मिळाले.

रायपूरच्या दवाखान्यात लोकांची रीघ लागली. सगळे भाऊंच्या पाठीवर हात ठेवायचे, "बहुत सेवा की आपने." प्राची आली, बापाच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचं किती केलं हो इतकी वर्षं." भाऊ भिंतीला टेकून उभे. वहिनी खाटेवर, नळ्या लावलेल्या, दर दोन तासांनी एकच विचारायच्या, "टोचलं का यायले? जेवले का?" नर्सला वाटायचं, बाई भ्रमात बोलते.

मी एकटी होते तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज गेलेलाच होता. "मंदे," म्हणाल्या, "आता तरी खरं वाटते ना?" चिडून नाही म्हटलं हो. गालात हसून म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बाहेर जाऊन जिन्यात रडले, आणि रडताना मला स्वतःची इतकी किळस आली की सांगता येत नाही.

वहिनी गेल्या. तेराव्यानंतर भाऊ कामावर आले. तीच सफारी, पावडर मात्र नाही. मी वाट पाहत होते की आता हा माणूस खरं बोलेल. नाही बोलले. फोन आला की मी काय सांगू? आता मॅडमचं नाव घेता येत नव्हतं. सुई ते स्वतः टोचायचे, कधी टोचायचे कधी विसरायचे. आणि एक दिवस रोलवर नख फिरवून "चालते" म्हणाले. महेतरू तिथंच उभा होता. ते आत गेल्यावर त्यानं स्वतःचं नख फिरवलं, मला हाक मारली, माझं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. मलासुद्धा लागली ती चीर. महेतरूनं कोणाला न सांगता तो रोल पुन्हा चढवला. साखरेनं बधिर झालेल्या भाऊंच्या बोटांना कधीपासून काही लागत नव्हतं, देव जाणे.

महिनाभरानं दुबेसाहेब आले. त्यांच्या मालकांनी सिलतऱ्याला नवी मिल घेतली होती. कागद टेबलावर ठेवले. तिथलंही सगळं काम आमच्याकडे. भाऊंनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तेवढं काम. दुबेसाहेब वाईट माणूस नव्हते, ते मनापासूनच बोलले, "लांजेवारजी, भाभीजी का दुख तो है. पर सच कहूँ, मालिक पहले हिचकते थे. कहते थे, इसके घर में बीमारी है, कभी भी अटक जाएगा. अब वो चिंता नहीं रही. अब आप फ्री हैं."

मी टायपिंग थांबवलं. पुढं फक्त मशीनची घरघर.

भाऊंनी ते कागद उचलले. मला वाटलं, आता सही करणार. राग इतका आला की उठून जावंसं वाटलं. पण त्यांनी कागद नीट एकावर एक ठेवले आणि दुबेसाहेबांकडे सरकवले.

"बीमार मैं हूँ, दुबेजी," ते म्हणाले. "बारा साल से. वो इंजेक्शन मेरे थे. उस दिन चक्कर मुझे आ रहा था, वो मेरे लिए गिरी थी. उसको कुछ नहीं था. मुझसे भी तगड़ी थी."

दुबेसाहेबांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते माझ्याकडे पाहायला लागले. मी होकारार्थी मान हलवली. अकरा वर्षांत त्या ऑफिसात माझ्याकडून झालेलं ते पहिलं खरं काम असेल.

"तबियत का ध्यान रखिए," दुबेसाहेब म्हणाले, आणि कागद घेऊन गेले.

भाऊंची भीती खोटी नव्हती, हे मला इथं लिहायलाच पाहिजे. पुढच्या सोमवारी दुबेसाहेबांच्या मिलचा ट्रक आला. मग दुसरी मिल, तिसरी. सगळे नमस्कार करायचे, तब्येतीला जपा म्हणायचे, आणि रोल उचलायचे. चार महिन्यांत शेड झाडलेल्या खळ्यासारखी मोकळी झाली. महेतरूला दुसरीकडे काम मिळालं. लेथ कोणी भिलाईवाल्यानं नेले. वर्कशॉप बंद व्हायच्या आठवडाभर आधी मला भाऊंनी सांगितलं, "तू पाह्य आता दुसरं." मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही बोललात ते बरं केलंत." ते म्हणाले, "बरं कायचं? तिच्या जिवावर चालत होतं सारं. ती गेली, मग कोणाले दाखवाचं होतं?"

भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते तेलीबांध्याला, त्याच्या दोनेक वर्षांनी. त्यानंतर सहा महिन्यांत ते गेलेच. मला तिकडे एका ऑफिसात नोकरी लागली होती. संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर ते बसलेले दिसले. उजव्या पायाची तीन बोटं कापलेली, जवळ काठी. अंग निम्मं झालेलं. मला पाहून इतका आनंद झाला त्यांना, की मला बाजूला बसवून घेतलं. तेवढ्यात तात्यापाऱ्यातलं एक मराठी जोडपं फिरत फिरत आलं. बाई हळदीकुंकवातल्या, वहिनींना कारल्याचा रस सांगणाऱ्यांपैकी. नऊ-दहा वर्षं भिलाईला राहून परत आल्या होत्या, त्यांना खरं काय ते कळलेलं नव्हतं. उसासून म्हणाल्या, "नलिनीताई गेल्या म्हणे. सुटल्या बिचाऱ्या. किती वर्षं आजारी होत्या."

"नाही हो," भाऊ म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं, न थांबता. साखर माझी, सुया माझ्या, नागपूर माझं. ती वाघीण होती. कबड्डी खेळलेली. दुसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवे. तुम्ही तिले कडू चहा देत होते, तो ती माह्यासाठी पेत होती. पाठ असल्यासारखे बोलत होते. नंतर कळलं, ते रोज हेच करायचे. दूधवाला, रिक्षावाला, बाकावर बसेल तो, सगळ्यांना सांगायचे की माझी बायको आजारी नव्हती. मला ऐकताना वाटलं, चला, निदान तिचं नाव तरी हा माणूस धुऊन काढतोय.

बाई थक्क झाल्या होत्या. म्हणाल्या, "मग गेल्या कशानं? अन् आधी काही सांगितलं नाही का त्यांनी?"

"कधीच नाही," भाऊ म्हणाले. "एका शब्दानं बोलली नाही, दुखते म्हणून. तशीच होती ती. सोसणारी."

बाईंनी पदर डोळ्याला लावला. माझं डोकं फिरलं. अकरा वर्षं मी या माणसासाठी फोनवर खोटं बोलले, एकदाही जीभ अडखळली नाही. पण हे मला ऐकून घेववेना.

"सांगितलं होतं, भाऊ," मी म्हटलं. "तुम्हाला सांगितलं, जेवताना. नंतर मला सांगितलं, माझा हात धरून. आपण हसलो."

भाऊंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाई आळीपाळीनं आमच्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता हे नाही म्हणतील, किंवा माझ्यावर ओरडतील.

"हव," ते त्या बाईंना म्हणाले. "सांगितलं होतं. मले सांगितलं होतं. म्या ऐकलं नाही."

बाईंचे मिस्टर म्हणाले, चला, उशीर होतो. ते दोघं गेले. मीही उठले, कारण बसवेना. रस्त्यावर येऊन ऑटोला हात केला आणि चढताना मागं वळून पाहिलं. बाकावर त्यांच्याशेजारी आता कोणी नव्हतं, आणि भाऊ बोलतच होते.